काचेवरचा ताप

चार डॉक्टर एकत्र आले की पेशंटच्या गोष्टी निघतात, चार मास्तर आले की पोरांच्या. आम्ही मलेरियाच्या लॅबवाले भेटलो की आमच्याही निघतात, पण आमच्याकडे माणूस कधी आलाच नाही हो! यायचा तो त्याच्या रक्ताचा थेंब, काचपट्टीवर वाळलेला. त्यामुळे आमचे सगळे किस्से अर्धे. एक अर्ध मायक्रोस्कोपखाली दिसायचं, आणि दुसरं उडत उडत कानावर यायचं, कधी महिन्यानं, कधी वर्षानं. असे अर्धे-अर्धे जुळवता जुळवता ढीग होऊन बसला. सुरुवातीला आम्ही हसत हसतच सांगायला लागतो. मधेच कुठेतरी चहा गार होतो.

परवा माझी भाची आली होती. डॉक्टर आहे. तिनं पर्समधून प्लास्टिकची एक चिमुकली पट्टी काढून दाखवली. रक्ताचा थेंब टाकायचा, पाण्यासारखं काहीतरी टाकायचं, थोडं थांबायचं. रेघ आली की मलेरिया.

"आत्या, झालं! मायक्रोस्कोप नको, रंग नको, तेल नको."

"चुकत नाही का गं?"

"चुकते की! जंतू फार कमी असले तर सुटतात. आणि कधी कधी माणूस बरा झाला तरी रेघ येतच राहते."

"म्हणजे तुझी पट्टी आमच्यावरच गेली म्हण!"

ती खूप हसली. मग म्हणाली, "तुम्ही कुठे चुकायच्या?"

* * *

मी नोकरीला लागले तेव्हा साठचं दशक संपत आलं होतं. मलेरिया देशातून गेल्यातच जमा आहे, असं आम्हाला सांगितलं जायचं. नागपुरातल्या एका सरकारी इमारतीत एक लांबलचक खोली, उत्तरेकडे खिडक्या, खिडक्यांखाली टेबलं, टेबलांवर एकडोळी मायक्रोस्कोप. खेड्यापाड्यांत सायकलवर फिरणारे वर्कर ताप आलेल्या माणसाच्या बोटाला सुई टोचून स्लाइड काढायचे, चार गोळ्या देऊन टाकायचे, आणि स्लाइड आमच्याकडे पाठवायचे. आम्ही ती रंगवायची आणि डोळा लावून जंतू शोधत बसायचं. दिवसभर जांभळं आकाश!

आमचे मुख्य टेक्निशियन होते वानखेडे सर. उंच, सडपातळ, पांढरं धोतर जाऊन नुकती पँट आलेली. शेजारच्या टेबलावर माझी मैत्रीण शकुंतला गजभिये. तिच्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि लगोलग पोरीला शाळेत घातलं. ती अजून सांगायची, "पहिल्या दिवशी पाटी नव्हती, पण बाबा फाटकापर्यंत सोडायले आला होता."

तर एकदा लांजेवार नावाचा नवा टेक्निशियन रुजू झाला. आठवडाभरात त्यानं एका गावाच्या पेटीतल्या सगळ्या स्लाइड्स पॉझिटिव्ह काढल्या. सगळ्या! लॅबमध्ये धावपळ. आमचे मेडिकल ऑफिसर डॉ. पिंपळखुटे यांनी जीप सांगितली, फवारणीवाल्यांना निरोप गेला. लांजेवार छाती काढून फिरत होता.

वानखेडे सरांनी एक स्लाइड घेतली, पाहिली, दुसरी घेतली, पाहिली.

"लांजेवार, रंग गाळला होता का जी?"

"गाळायचा असतो?"

रंगाच्या बाटलीत तळाशी चिखल साचला होता. त्याचेच कण पेशींवर बसले होते. रंग गाळून त्याच स्लाइड्स पुन्हा रंगवल्या. सगळे जंतू गायब!

सर म्हणाले, "वा! एका फिल्टर पेपरनं अख्खं गाव बरं केलं तुम्ही!"

हा किस्सा आम्ही कित्येक दिवस पुरवून पुरवून हसलो. त्या वर्षांत खरी पॉझिटिव्ह स्लाइड म्हणजे लॉटरी होती. दिवसचे दिवस काही सापडायचं नाही. मग बघणारा डोळा हळूहळू बघायचं सोडतो, नुसता फिरतो. आम्ही हसत होतो त्या दिवसांत मलेरिया कुठेतरी परत यायला निघाला होता, आणि आमच्याकडे त्याच्यासाठी ना पुरेशी माणसं होती, ना पुरेशी औषधं.

* * *

आणि आला तो असा आला की स्लाइड्सच्या पेट्या खोलीबाहेर व्हरांड्यात लागल्या! पावसाळ्याची हवा, ओल, त्यात पेट्यांना मुंग्या. मुंग्यांना माणसाचं रक्त चालतं हे मला लॅबमध्ये कळलं. पेटी उघडावी तर काच लख्ख! कोपऱ्यात पेन्सिलनं लिहिलेला नंबर तेवढा शिल्लक.

शकुंतलेनं रिझल्टच्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलं, "मुंग्यांनी खाल्ली."

वरच्या ऑफिसातून एक साहेब तपासणीला आले. पान उलटता उलटता थांबले. "हे काय? रकाने दोनच आहेत. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह. मुंग्या कुठल्या रकान्यात टाकायच्या मी?"

शकुंतला म्हणाली, "सर, ती स्लाइड वाचताच आली नाही. माणसाला परत टोचावं लागेल."

"आधीच एवढा ढीग पडलाय, परत कुठे टोचता! काही दिसलं का तुम्हाला तिच्यात?"

"नाही."

"मग निगेटिव्ह लिहा!"

त्या दिवसापासून आमच्या जिल्ह्यात मुंग्यांनी खाल्लेली सगळी माणसं निगेटिव्ह निघायला लागली.

* * *

ढीग वाढला की रिझल्टला उशीर. ताप यायचा आषाढात आणि रिझल्ट जायचा दिवाळीनंतर. तोवर माणूस बरा झालेला असायचा, किंवा गाव सोडून गेलेला असायचा, किंवा... जाऊ द्या.

अशीच एक वंदना होती. आईवडिलांकडे होती तेव्हा तिला थंडी वाजून ताप आला, वर्करनं स्लाइड काढली. स्लाइड पेटीत पडून राहिली. मधल्या काळात वंदनाचं लग्न झालं, बुटीबोरीकडच्या एका गावी ती सासरी गेली. मग आमचा रिझल्ट निघाला, पॉझिटिव्ह! अशा माणसाला पुढच्या गोळ्यांचा पूर्ण कोर्स द्यावा लागतो. वर्कर मोठा कर्तव्यदक्ष. माहेरी पत्ता विचारून, सायकल मारत तो थेट सासरी पोचला. अंगणात पाहुणे बसलेले. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "वंदनाबाई कोणत्या? त्यायच्या रक्तात निघालं आहे!"

काय निघालं ते पुढे कुणी ऐकलंच नाही. सासूनं एवढंच धरलं, रक्तात निघालं. आणि लग्नाआधीचं! म्हणजे लपवलं! आठवड्यात पोरगी माहेरी.

तिचे वडील विचारत विचारत आमच्या लॅबपर्यंत आले. दारात उभे राहून, टोपी हातात घेऊन म्हणाले, "माह्या पोरीच्या रक्तात काय हाये जी? खरं सांगा. मी रडनार नाही."

शकुंतला उठली. रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी त्या बापलेकींबरोबर एसटीनं सासरी गेली. डास कसा चावतो, ताप कसा होतो, सगळं समजावलं. मग म्हणाली, "असं करू, घरातल्या सगळ्यांचंच रक्त पाहू. म्हणजे शंका नको." सगळ्यांची बोटं टोचली, आणि ह्या वेळी स्लाइड्स पेटीत न टाकता स्वतः रंगवून स्वतः पाहिल्या.

वंदना निगेटिव्ह. सासू पॉझिटिव्ह!

आम्ही टाळ्या पिटल्या. शकुंतला गोळ्या घेऊन दुसऱ्यांदा त्या गावी गेली ती हसतच. आता सासूची बोलती बंद होणार! तिनं सासूला रिझल्ट सांगितला. सासूनं कपाळावर हात मारला.

"पाह्यलं का वं बाई! पोरीनं आनलं अन् मले देऊन गेली!"

आणि सांगू का, तिला खोटं ठरवायला आमच्याकडे काही नव्हतं. डास आधी कुणाला चावला आणि मग कुणाला, हे स्लाइडवर थोडंच दिसतं!

वंदना नांदायला गेली परत. पुढे तिचे वडील एकदा शकुंतलेला भेटले तेव्हा म्हणाले, "सगळं ठीक हाये बाई. फक्त तिच्या पान्याचा तांब्या तेवढा वेगळा ठेवला हाये."

शकुंतलेनं मला हे सांगितलं आणि स्लाइड लावून बसली. वेगळा तांब्या म्हणजे काय, हे तिला मी सांगायची गरज नव्हती.

* * *

आता कोंबडीचा किस्सा. हा आमच्या लॅबचा सगळ्यांत गाजलेला. प्रत्येक निरोपसमारंभात कुणी ना कुणी सांगायचंच.

पारशिवनीकडे शेंडे नावाचा एक वर्कर होता. त्याच्या स्लाइड्स नेहमी मोजून भरपूर यायच्या. साहेब खूश! एकदा त्याची पेटी माझ्याकडे आली. पहिली स्लाइड लावली आणि मी मागे सरकले. माणसाच्या लाल पेशी गोल असतात आणि त्यांच्या पोटात काही नसतं. इथे सगळ्या पेशी लांबट, आणि प्रत्येकीच्या मधोमध गडद ठिपका!

"सर, हे काय आहे?"

वानखेडे सरांनी डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. मग गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "वय काय लिहिलं आहे जी?"

"पंचेचाळीस. पुरुष. शेतमजूर."

"पंचेचाळीस वर्षांची कोंबडी पहिल्यांदाच पाहून राहिलो!"

पुढची स्लाइडही कोंबडीची. त्याच्या पुढचीही. अख्खा पाडा कोंबड्यांचा! डॉ. पिंपळखुटे म्हणाले, "निदान रस्सा तरी पाठवायचा!" आम्ही टेबलावर डोकी टेकून हसत होतो.

शेंडेला बोलावलं. तो आला, सायकल टेकवली, आत येऊन खाली मान घालून उभा राहिला.

डॉक्टर म्हणाले, "शेंडे, काय आहे हे?"

"काय करू साहेब? गावात पाय ठेवला का गाव खाली. लोक म्हणते नसबंदीवाला आला! बाया दारं लावते, मानसं जंगलात पळते. मी कोनाचं बोट टोचू? अन् स्लाइडी कमी झाल्या का तुमी मेमो देता."

ते दिवसच तसे होते. सरकारी माणूस दिसला की खेड्यातले पुरुष शेताच्या बांधावरून पसार व्हायचे. डॉक्टरांना हे माहीत होतं. तरी त्यांनी विचारलं, "म्हणून कोंबडीला टोचलंस?"

"तेच एक पळाली नाही, साहेब!"

पुन्हा हसू. डॉक्टरसुद्धा तोंड फिरवून हसले. पण कागद वर गेले आणि शेंडेची नोकरी गेली. जागा रिकामी राहिली. माणूस मिळत नाही, मिळाला तर मंजुरी नाही, असं चालू राहिलं.

निरोपसमारंभात किस्सा इथेच थांबवतात. पुढचं कुणी सांगत नाही.

पुढच्या पावसाळ्यात त्या पाड्यावर तापाची साथ आली. आम्हाला उशिरा कळलं, कारण कळवणार कोण? जीप काढून डॉक्टर, शकुंतला आणि मी गेलो. कुणी पळालं नाही. पळण्यासारखं कुणी उभंच नव्हतं. एका ओट्यावर एक म्हातारी बसली होती. तिच्या घरची दोन माणसं महिनाभरात गेली होती, हे आम्हाला शेजारणीनं हळूच सांगितलं.

डॉक्टर तिच्या बोटाला स्पिरिट लावत होते. ती म्हणाली, "तो सायकलवाला काहून नाही येत आता?"

डॉक्टर म्हणाले, "त्याला काढून टाकलं, आजी. खोट्या स्लाइड्स काढायचा. तुमच्या नावावर कोंबडीचं रक्त पाठवायचा."

म्हातारीनं बोट तसंच पुढे धरून ठेवलं.

"पाठवत असन. आमी दार नाही उघडलं त् उंबऱ्यावर गोळ्या ठेवून जाये. ताप आला का आमी खावो. रक्त कोंबडीचं असन, पन गोळ्या त् खऱ्या होत्या ना जी!"

* * *

डॉ. पिंपळखुटे आणि वानखेडे सर यांची एक रोजची पैज असायची. लॅबला लागूनच तापाची ओपीडी होती. पेशंट समोर बसला की डॉक्टर त्याच्या डोळ्यांत बघायचे, प्लीहा चाचपायचे, थंडी कधी वाजते, घाम कधी येतो ते विचारायचे आणि स्लाइड पाहायच्या आधीच ओरडायचे, "वानखेडे, मलेरिया!" किंवा "वानखेडे, हा मलेरिया नाही!" मग सर स्लाइड पाहायचे. ज्याचं चुकेल त्यानं तर्री-पोहे द्यायचे.

डॉक्टर म्हणायचे, "तुमचा मायक्रोस्कोप सेकंड ओपिनियन आहे."

सर म्हणायचे, "साहेब, तुमचा हात पोटावर फिरते. माहा डोळा रक्तात फिरते!"

पोहे यायचे फाटकाबाहेरच्या मारोतरावांच्या ठेल्यावरून. मारोतराव म्हणजे गोल चेहरा, गळ्यात लाल गमछा, आणि पैजेत आमच्यापेक्षा जास्त रस. बशा घेऊन आत यायचे तेच विचारत, "आज कोन हरलं जी?"

एक दिवस मारोतराव बशा घेऊन आले नाहीत. ओपीडीच्या बाकावर घोंगडी पांघरून बसले होते, दात वाजत होते.

डॉक्टरांनी पोट चाचपलं. "वानखेडे, मलेरिया!"

सरांनी स्लाइड पाहिली. "पॉझिटिव्ह! व्हायवॅक्स!"

म्हणजे त्यातल्या त्यात साधा मलेरिया, गोळ्यांनी जाणारा. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. डॉक्टर म्हणाले, "आज दोघंही जिंकलो. आता पोहे कुणी द्यायचे?"

घोंगडीतून मारोतराव बोलले, "मी देतो जी! बरा झालो का दोघांले बी देतो!"

गोळ्या दिल्या. ताप थोडा उतरला, मग पुन्हा चढला. मारोतरावांचा भाऊ सांगायला आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "उतरेल. स्लाइड पॉझिटिव्ह आहे, निदान पक्कं आहे. औषध पोटात गेलंय. थोडा दम धरा." भाऊ पुन्हा आला तेव्हा मारोतरावांचं पोट फुगलं होतं. हॉस्पिटलात नेलं. मलेरियाबरोबर टायफॉइडही होता. त्यानं आतडं फाटलं होतं. मारोतराव परत आले नाहीत.

स्लाइड बरोबर होती. सरांचं काही चुकलं नव्हतं. मलेरिया म्हणणारे डॉक्टरही चुकले नव्हते. पण एक आजार सापडल्यावर दुसरा शोधायचं कुणाच्या मनातच आलं नाही.

पैज बंद झाली. त्यानंतर डॉक्टर पेशंटचं पोट चाचपायचे आणि गप्प बसायचे. सरही रिझल्ट मोठ्यानं सांगेनासे झाले, चिठ्ठीवर लिहून पाठवायचे.

काही महिन्यांनी मारोतरावांच्या बायकोनं ठेला पुन्हा उघडला. डॉक्टर रोज फाटकातून मान खाली घालून जायचे. एक दिवस तिनंच हाक मारली. दोन बशा भरून, वर तर्री घालून, शेव टाकून पुढे केल्या. "एक तुमाले, एक वानखेडे सायबाले."

डॉक्टर म्हणाले, "बाई, मी काही मागवलं नव्हतं."

"तुमी नाही मागवलं. ते म्हनून गेले होते, बरा झालो का दोघांले बी पोहे देतो." तिनं बशा त्यांच्या हातात दिल्या. "बरे त् नाही झाले. पन शब्द देऊन गेले ना जी!"

डॉक्टर दोन्ही बशा घेऊन आत आले. सरांपुढे एक ठेवली. दोघंही समोरासमोर बसून पोहे खात होते आणि कुणीही कुणाकडे बघत नव्हतं.

* * *

शेवटचा वानखेडे सरांचाच. त्यांच्या निवृत्तीला वर्षभर उरलं होतं तेव्हाचा.

लॅबमध्ये कुणाचं कुणाशी पटेना की स्लाइड सरांकडे जायची. ते म्हणतील ते फायनल. "वानखेडेंची निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह," असं आम्ही नव्या मुलांना सांगायचो. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं विदर्भभर पसरली होती. आमच्या थोड्या स्लाइड्स फेरतपासणीला दुसरीकडे जायच्या, पण तिथला रिझल्ट कधी यायचा हे देव जाणे. इथे सर होते ना!

त्या वर्षी जंगलाच्या बाजूनं फाल्सिपेरम यायला लागला. मलेरियातला हा वाईट प्रकार, डोक्यात गेला की माणूस हातचा जातो. त्याचा जंतू फार बारीक. सुईच्या टोकानं काढलेली अंगठी जशी! तेव्हा सर टेबल खिडकीच्या अगदी जवळ ओढून बसायला लागले होते. मायक्रोस्कोपचा आरसा सारखा फिरवायचे. आम्हाला वाटायचं, वय झालं, सवयी वाढल्या.

त्या पावसाळ्यात दोन-तीनदा असं झालं की शकुंतलेला बारीक अंगठी दिसली म्हणून तिनं सरांना दाखवलं. सर डोळा लावायचे आणि म्हणायचे, "प्लेटलेट आहे ते, बाई. रक्तातला साधा कण. पुढे चला." ती निगेटिव्ह लिहायची. सरांच्या पुढे कोण बोलणार?

मग एक दिवस सरच तापले. भरदुपारी शाल गुंडाळून खुर्चीत बसले होते, कपाळावर घाम. शकुंतला म्हणाली, "सर, बोट द्या."

"काही नाही जी. पावसात भिजलो काल."

"द्या म्हटलं ना!"

तिनं स्लाइड काढली, रंगवली, वाळवली. तेलाचा थेंब टाकून मायक्रोस्कोपला लावणार तोच सर उठून आले. "माही स्लाइड मीच पाहतो," म्हणाले हसून. "बत्तीस वर्षांत दुसऱ्यायचंच रक्त पाहिलं. आज आपलं पाहू."

ते बसले. आरसा फिरवला. स्क्रू फिरवला. खूप वेळ पाहिलं. मग खुर्चीत मागे टेकले.

"निगेटिव्ह! म्हटलं होतं ना, भिजलो म्हणून?"

स्लाइड मायक्रोस्कोपवरून उचलायच्या आधी शकुंतलेनं सहज डोळा लावला. आणि तिथेच थांबली. मग तिनं माझा हात धरून मला जवळ ओढलं. मी पाहिलं. अंगठ्याच अंगठ्या! स्लाइड सरकवावी तिथे अंगठ्या. कालच लागलेल्या पोरालाही दिसतील एवढ्या.

सर म्हणाले, "काहून चूप झाल्या दोघी?"

मी शकुंतलेकडे बघितलं. शेवटी ती म्हणाली, "सर, पॉझिटिव्ह आहे. फाल्सिपेरम. भरलेली आहे."

सर तिच्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं असावं, ती चेष्टा करते आहे. मग ते उठले आणि पुन्हा मायक्रोस्कोपशी बसले. चष्मा काढून पाहिलं. चष्मा लावून पाहिलं. डावा डोळा लावला. उजवा लावला. खोलीतल्या सगळ्यांचे हात थांबले होते. नळाखाली एक जण जुन्या काचा साबणाच्या पाण्यात घासत होता, त्यानंही नळ बंद केला. काचांचा नेहमीचा तुटवडा, म्हणून निगेटिव्ह निघालेल्या स्लाइड्स घासून, पुसून पुन्हा खेड्यांत पाठवायची आमच्याकडे पद्धत होती.

शकुंतलेनं कपाटातून गोळ्या काढल्या, पाण्याचा ग्लास आणला. "सर, आधी ह्या घ्या. घ्या बरं."

सरांनी गोळ्या हातात घेतल्या. घेतल्या नाहीत तोंडात. तळहातावर ठेवून बघत बसले.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही मले दाखवल्या होत्या त्या स्लाइडी... अन् ह्या पावसाळ्यात मी पाहिल्या त्या साऱ्या... आता काढा बरं बाहेर. कुठे आहेत?"

शकुंतला ग्लास धरून उभी होती.

"धुतल्या, सर."